फोगार्टी कॅथेटर, साईज ४ : अण्णांच्या डाव्या पायात एकदा वापरलं, त्याचा रिव्ह्यू

आजवर मी रिव्ह्यू लिहिले ते चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, इंजिन ऑइल असल्या गोष्टींचे. कराडला आपलं टू-व्हीलर स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे कुठला माल टिकतो आणि कुठला नुसता चकचकीत खोक्यात येतो हे आता हाताला कळतं. पण आज ज्या वस्तूबद्दल लिहितोय तिचे पैसे मी भरले आणि हातात मात्र ती कधी घेतली नाही, वापरली दुसऱ्याने, ती पण तिसऱ्याच्या अंगात, आणि तासाभरात कचऱ्यात गेली. हॉस्पिटलच्या लांबलचक बिलात कुठेतरी मधेच एक ओळ होती, 'एम्बोलेक्टमी कॅथेटर ४एफ, १ नग', म्हणजे धमनीत अडकलेली रक्ताची गाठ काढायची चार नंबरची नळी. रक्कम चार आकडी. त्याच्या वर ग्लोव्हज, खाली कापसाचे बोळे. असल्या वस्तूचा रिव्ह्यू कोण लिहिणार, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

आधी काय झालं ते सांगतो, नाहीतर वस्तू कशाला लागली तेच कळायचं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ७३. हृदयाचे ठोके अनियमित पडतात, डॉक्टरी भाषेत एएफ. त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. दाढ काढायची म्हणून ती चार दिवस बंद ठेवली आणि दाढ निघाल्यावर परत चालू करायची राहून गेली, ते विसरले आणि आम्ही पण विसरलो, यात दुसऱ्या कुणाची चूक नाही. पंधरा-वीस दिवस गेले असतील. रात्री साडेआठला जेवायला बसले होते, भाकरीचा तुकडा मोडला आणि एकदम ओरडले, "आरं पाय गेला माझा." आम्हाला वाटलं गोळा आला. आईनं तेल चोळलं. दुखणं काही थांबेना म्हणून जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं सांगितलं नस दबलीय कमरेत, इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. नाव घेत नाही, आता बोलून उपयोग पण नाही, पण दीड तास तिथं गेला तो गेलाच.

घरी आल्यावर मुलीनं चादर ओढायला पायाला हात लावला आणि म्हणाली, आबांचा एकच पाय गार लागतोय. एकच पाय! गुडघ्याच्या खाली पांढराफटक, मेणाचा असावा तसा, आणि उजवा पाय चांगला गरम. आमचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर लुंगीवरच आले, जांघेत बोट ठेवलं, घोट्यापाशी ठेवलं, परत दुसऱ्या पायाला ठेवलं, आणि त्यांचा चेहरा बघून मला घाम फुटला. म्हणाले ही नस नाही, ही धमनी बंद झालीय, सहा तासांच्या आत रक्त चालू झालं तर पाय राहील, कोल्हापूरला व्हॅस्कुलर सर्जन आहेत, मी फोन करतो, तू गाडी काढ. व्हॅस्कुलर सर्जन हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मला आपलं हृदयाचे डॉक्टर माहीत, हाडांचे माहीत, नुसत्या रक्तवाहिन्यांचा वेगळा डॉक्टर असतो हे कोणाला ठाऊक.

सव्वा वाजता पोचलो. डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकायचं यंत्र लावलं, डाव्या पायाला आवाजच नाही. गुठळी आणखी वाढू नये म्हणून हेपारिन शिरेतून चालू केलं. तिथल्या सर्जनबाईंनी (वयाने माझ्यापेक्षा लहान असतील) कागदाच्या मागे चित्र काढून दाखवलं, हृदयात तयार झालेली रक्ताची गाठ सुटली, खाली वाहत आली आणि जांघेत धमनीला जिथं दोन फाटे फुटतात तिथं अडकली. हे मला लगेच पटलं, पेट्रोलच्या पाइपात कचरा अडकतो तो कायम टी-जॉइंटलाच, सरळ पाइपात सहसा नाही.

मग मी माझा दुकानदारी प्रश्न विचारला, की मॅडम तो कचरा काढणार कसा? आमच्यात हवा मारतात, ती काय रक्तात मारता येणार नाही. तार घालून ढकलावा तर आणखी आत जाऊन बसतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आम्ही ढकलत नाही, पलीकडे जाऊन मागून ओढतो.

तर आता वस्तू. बारीक लवचिक नळी, साधारण ऐंशी सेंटिमीटर लांब. नंबर जितका मोठा तितकी जाड, तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे चार नंबरची सव्वा मिलिमीटरच्या थोडी वर, आपल्या अ‍ॅक्सिलरेटर केबलच्या आतल्या वायरीपेक्षा जराच इकडे-तिकडे. टोकाला लॅटेक्सचा एवढासा फुगा, नळीला इतका चिकटून बसलेला की रिकामा असताना दिसतच नाही. जांघेत छोटा छेद घेऊन धमनी उघडायची, फुगा रिकामा असतानाच नळी गाठीतून आरपार पुढे सरकवायची, गाठ मऊ असते म्हणून जाते ती. पलीकडे गेल्यावर मागच्या टोकाला सिरिंज लावून सलाइन भरायचं, चार नंबरच्या फुग्यात जेमतेम पाऊण मिलीलिटर मावतं. फुगा फुगला की हळूहळू मागं ओढायचं, गाठ फुग्याच्या पुढे पुढे सरकत छेदातून बाहेर. बाटलीत बूच पडलं तर आपण फडक्याचा बोळा करून कसं ओढून काढतो, जवळपास तसंच.

भूल फक्त जांघेपुरती दिली होती. अण्णा आत डॉक्टरांशी गप्पा मारत होते म्हणे, उसाला यंदा किती दर मिळाला वगैरे. साधारण तासाभरात बाई बाहेर आल्या, हातात स्टीलचा किडनी ट्रे, त्यात काळपट जांभळी एक दोरी, करंगळीएवढी लांब आणि तिला खाली शेपटी. मला जळू आठवली. म्हणाल्या, बघा हे अडकलं होतं. आणि आत जाऊन पाय बघितला तर बोटं गुलाबी. मी साहित्यिक माणूस नाही, पण ती गुलाबी बोटं बघून मी तिथंच खाली बसलो.

आता मला सवय आहे, चांगला पार्ट मिळाला की तो कोणी बनवला हे शोधायचं. अण्णांना चार दिवस ठेवलं होतं, रात्री झोप लागायची नाही, बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचत बसलो. फोगार्टी म्हणजे मला कंपनीचं नाव वाटलेलं. निघाला माणूस. थॉमस फोगार्टी, जन्म १९३४, अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाच्या गावी. वडील रेल्वेत, हा आठ वर्षांचा असताना वारले. घरची परिस्थिती बेताची, अभ्यासात यथातथाच, बॉक्सिंग खेळायचा. शाळेत असतानाच गुड समॅरिटन हॉस्पिटलमध्ये कामाला लागला, काम काय तर उपकरणं धुणं-पुसणं. पुढं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात हत्यारं द्यायचं काम मिळालं.

आणि हे वाचून मी बाकड्यावर ताडकन उठून बसलो, पोरगा असताना तो स्कूटरच्या दुकानात पण काम करायचा, गियर टाकायची कटकट बघून त्यानं आपोआप लागणारा सेंट्रिफ्युगल क्लच बनवला होता असं त्याच्याबद्दल सांगतात. अहो सेंट्रिफ्युगल क्लच! लुना, कायनेटिक होंडा, अ‍ॅक्टिव्हा, माझं अर्धं दुकान त्या क्लचवर चालतं. त्यानं बनवलेला क्लच आणि आपल्या गाड्यांतला क्लच यांचा थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, तत्त्व एक आहे एवढंच, वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच आपोआप धरतो. पण असा माणूस डॉक्टर झाला की काय बनवेल ते मला समजतं. आपल्याकडं मेकॅनिकच्या हाताखाली असला चुणचुणीत पोरगा असतो बघा, शाळेत नापास, पण इंजिनाचा आवाज ऐकून सांगतो कुठला बेअरिंग गेलाय.

त्या हॉस्पिटलमध्ये त्याला भेटले डॉ. जॅक क्रॅनली, रक्तवाहिन्यांचे सर्जन. स्वतःची दहा मुलं असलेला हा माणूस, अकराव्याला पण आपलंसं केलं म्हणायचं. कॉलेजला जा म्हणून मागे लागले. मार्क कमी, म्हणून ओळखीच्या धर्मगुरूंच्या शब्दावर झेवियर विद्यापीठात अटीवर प्रवेश मिळाला, आणि १९६० साली पोरगा सिनसिनाटी विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला. मला क्रॅनलींचंच जास्त कौतुक वाटलं खरं सांगायचं तर. हत्यारं पुसणाऱ्या पोराचं कोण एवढं बघतं.

थिएटरमध्ये उभं राहून त्यानं काय बघितलं असेल ते आता मला अण्णांमुळे कळतं. अशी गाठ काढायचं ऑपरेशन काही नवीन नव्हतं, पायातली गाठ यशस्वीपणे काढली ती १९११ साली फ्रान्समध्ये. पण पद्धत म्हणजे धमनी लांबच्या लांब उघडायची, एक ठिकाणी नाही तर दोन-तीन ठिकाणी, आणि मग सक्शन लावून बघा, बुचाच्या स्क्रूसारखी तार फिरवून बघा, पाय पिळून बघा. तासन् तास चालायचं, पेशंट म्हातारा, हृदय आधीच दुबळं, पूर्ण भूल दिलेली. ऑपरेशन झालं म्हणायचं आणि पाय कापायचा, नाहीतर माणूसच जायचा, असं किती जणांचं झालं. हे सगळं बघणारा एक पोरगा कोपऱ्यात ट्रे घेऊन उभा, आणि त्याला वाटतं की यापेक्षा सोपं काहीतरी असलं पाहिजे.

मग त्यानं घरी माळ्यावर बसून जे केलं ते वाचून मला आमचे जुने मिस्त्री आठवले. मूत्रवाहिनीत घालतात ती नळी घेतली. सर्वात लहान, पाच नंबरच्या रबरी हातमोज्याच्या करंगळीचं टोक कापलं, ते नळीच्या टोकावर बसवलं. आता चिकटवायचं कशानं? त्या काळात व्हिनाइलच्या नळीला लॅटेक्सचं रबर धरून ठेवील असा गोंदच मिळेना. पण गडी लहानपणापासून मासेमारीचा शौकीन, तिकडं गळाला पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी बनवतात, ती बांधायची कला त्याच्या बोटात. तोच दोरा, त्याच गाठी. फुगा बसला घट्ट. बाप रे, लाखो लोकांचे पाय वाचवणारं हत्यार आणि त्याचा पहिला नमुना हातमोजा, नळी आणि माशाच्या गळाची गाठ.

फुगेवाली नळी ही कल्पना त्याची पहिली नव्हे हे पण सांगून ठेवतो, लघवीसाठी घालतात त्या फोलीच्या नळीला फुगा आधीपासून होता. पण तो फुगा नळी जागेवर राहावी म्हणून, म्हणजे एका जागी थांबायला. यानं फुगा ओढायला वापरला. एवढाच फरक, आणि हा फरक कोणाच्या डोक्यात आला नव्हता.

१९६१ मध्ये पहिल्यांदा पेशंटवर वापरलं, क्रॅनलींच्याच हाताखाली. लेख पाठवला तर आधी नकार आले, छापून आला १९६३ ला. कंपन्या म्हणायच्या हे विकायचं कोणाला, कोण घेणार. मग हा आपला हातानं एकेक बनवून सर्जन लोकांना देतोय. पुढे शिकायला ओरेगॉनला गेला, तिथं अल्बर्ट स्टार होते, लॉवेल एडवर्ड्स नावाच्या इंजिनियरबरोबर हृदयाची कृत्रिम झडप बनवणारे. त्यांनी मध्ये पडून एडवर्ड्सला तयार केलं तेव्हा कुठं माल फॅक्टरीत बनायला लागला. पेटंट हातात पडलं १९६९ ला. धंद्यातल्या माणसानं हा भाग दोनदा वाचावा, माल चांगला असून चालत नाही, मध्ये कोणीतरी शब्द टाकणारा लागतो.

ओरेगॉनलाच चार्ल्स डॉटर नावाचे एक्स-रेवाले डॉक्टर होते, त्यांनी १९६४ च्या जानेवारीत ८२ वर्षांच्या बाईच्या पायाची अरुंद झालेली धमनी ऑपरेशन न करता नळ्यांनी रुंद केली, कापायला सांगितलेला पाय वाचला. त्यांनी पण पुढं फोगार्टीचा फुगा वापरून बघितला. मग १९७७ ला झुरिकमध्ये ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला, आणि आज आपल्याकडं गल्लीत चार जण भेटतात, "मला पण फुगा घातलाय" म्हणणारे. पण त्यांचा फुगा वेगळा हां, तो आत साचलेला थर भिंतीकडे दाबतो. अण्णांचा ओढून काढणारा. मला आधी दोन्ही एकच वाटायचं, आता दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून समजावून सांगतो, बायको म्हणते डॉक्टरकीचा बोर्ड लावा.

पुढचं पटकन सांगतो. फोगार्टी स्टॅनफर्डला गेले, शंभर-दीडशेच्या वर पेटंट नावावर, पोटातली मोठी धमनी फुगते त्यात आतून बसवायची स्टेंट-ग्राफ्ट त्यातलीच एक. २००० साली लेमेलसन-एमआयटी बक्षीस, पाच लाख डॉलर. २०१४ ला ओबामांच्या हातून राष्ट्रीय पदक. कॅलिफोर्नियात डोंगरात द्राक्षबाग आणि वाइनचा कारखाना पण काढला. आमच्या अण्णांना ही वाइनची गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, "म्हंजी माणूस चांगला हुता" एवढंच म्हणाले.

आता रिव्ह्यू म्हणून वाईट पण लिहायला पाहिजे.

पहिलं, ही वस्तू ताज्या, मऊ गाठीसाठी आहे. ज्याची धमनीच वर्षानुवर्षं बिडी आणि शुगरनं खराब होऊन कडक झालीय त्याच्यात नुसत्या फुग्यानं भागत नाही, बायपास करावी लागते किंवा दुसरे उपाय. आमच्या शेजारच्या बेडवर तसेच एक काका होते, सांगोल्याकडचे, त्यांचं दोनदा आत नेऊन शेवटी अंगठा काढावा लागला. तेव्हा "अण्णांना केलं तेच करा की" म्हणून भांडणारे नातेवाईक मी बघितलेत, ते चूक आहे.

दुसरं, हात पाहिजे. फुगा जास्त फुगवला किंवा जोरात ओढला तर धमनीचं आतलं अस्तर खरवडतं, क्वचित धमनी फाटते. मी बाईंना विचारलं कळतं कसं, तर म्हणाल्या बोटाला कळतं, ओढता ओढता सिरिंजमधलं पाणी कमी-जास्त करत राहायचं, वरती धमनी रुंद, खाली निमुळती. म्हणजे क्लच सोडतो तसं. यात ड्रायव्हर महत्त्वाचा, गाडी नाही.

तिसरं, फुगा लॅटेक्सचा, ज्यांना रबराची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आधीच सांगावं. आम्हाला हे विचारलं होतं घाईतसुद्धा, त्याचे मार्क देतो.

चौथी तक्रार वस्तूची नाही, घड्याळाची. आमचे साधारण सहा तास होत आले होते. बारीक फाट्यांत थोडं राहिलं असावं, अण्णांच्या डाव्या पायाची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, चप्पल निसटली तरी कळत नाही. रक्त परत चालू झाल्यावर पोटरी सुजते, ती फार सुजली तर कातडीखालचं आवरण कापून मोकळं करावं लागतं, त्यासाठी रात्रभर दर तासाला येऊन पोटरी दाबून बघत होते. आमचं सुदैवानं ते टळलं. तो दीड तास वाया गेला नसता तर ती दोन बोटं पण राहिली असती का, हे मी बाईंना विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

म्हणून ज्यांच्या घरी एएफवालं कोणी आहे त्यांच्यासाठी लिहितो, एक पाय किंवा हात अचानक भयंकर दुखला, पांढरा पडला, गार झाला, मुंग्या येऊन हलेना, तर तेल चोळत बसू नका, शेकू पण नका. दोन्ही पायांना एकदम हात लावून बघा. आमच्याकडं ते नऊ वर्षांच्या पोरीनं केलं. आणि रक्त पातळ करायची गोळी कोणी बंद करायला सांगितली तर परत कधी चालू करायची ती तारीख त्याच कागदावर लिहून घ्या, आम्ही आता कॅलेंडरवर लाल पेननं लिहितो, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या खाली.

स्टार द्यायचे तर वस्तूला पाच. पॅकिंगबद्दल काही बोलू शकत नाही, खोकं आम्हाला दाखवलंच नाही, नुसता बॅच नंबरचा स्टिकर केस पेपरला चिकटवलेला. डिस्चार्जच्या दिवशी मी त्या स्टिकरचा फोटो काढून घेतला, सिस्टर म्हणाल्या इन्शुरन्सला लागत नाही हो तो. म्हटलं असू दे.

अण्णा आता सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जातात आणि येताना दुकानात टेकतात. परवा तपासणीला गेलो तेव्हा त्यांनी बाईंना विचारलं, "मॅडम, त्यो फुगा आत गेल्यावर पंक्चर झाला अस्ता तर?" त्या म्हणाल्या, होऊ शकतो, म्हणून आत घालायच्या आधी बाहेर एकदा पाणी भरून तपासतो. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही पण ट्यूब बसवायच्या आधी पाण्यात बुडवून बघतो.